पाखरांच्या गावाचा वाटाड्या

पक्षी पाहण्यासाठी माणसाने पहाटे घर सोडावे, पाणथळीच्या काठी तासन् तास बसावे आणि रिकाम्या हातांनी परतावे, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र परिस्थिती निराळी होती. पक्ष्यांचा अभ्यासक काय किंवा शिकारी काय, दोघांच्याही खांद्यावर बंदूक असे. तळी, दलदली आणि राने ही संस्थानिकांची व साहेबांची शिकारीची ठिकाणे होती. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली आणि शिकाऱ्याच्या जागी पर्यटक आला. हे स्थित्यंतर भारतात ज्यांच्या हयातीत आणि बऱ्याच अंशी ज्यांच्यामुळे घडले, ते म्हणजे डॉ. सलीम अली. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरली. छत्रपती संभाजीनगर शहराने तर आपल्या एका तलावालाच त्यांचे नाव दिले आहे. परंतु संरक्षित निसर्गस्थळी माणसाने कसे जावे, किती जावे आणि तेथील रहिवाशांचा त्यात वाटा कोणता असावा, हा प्रश्न आज ऐरणीवर आला असताना त्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे क्वचितच पाहिले जाते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. घरात बंदुका होत्या आणि मुलांनी नेमबाजी शिकावी यात कोणाला वावगे वाटत नव्हते. लहानग्या सलीमने एकदा छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्याला पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी चिमणी तर ओळखलीच, शिवाय संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेले नाना जातींचे पक्षी त्याच्यापुढे मांडले. एका मेलेल्या पाखराच्या कुतूहलातून जिवंत पाखरांच्या अभ्यासाचा मार्ग खुला झाला.

शिक्षणात मात्र त्यांना फारसे यश लाभले नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील अभ्यास अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशातील तावोय येथे कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी गेले. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलांत त्यांचे मन अधिक रमले. १९१७ मध्ये ते मुंबईत परतले आणि पुढील वर्षी त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. फादर ब्लॅटर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. तथापि विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी संशोधन संस्थेचे दार त्यांच्यासाठी बंदच राहिले. पुढे तीन विद्यापीठांनी त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, ही नियतीची भरपाईच म्हटली पाहिजे.

१९२६ मध्ये त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नोकरी मिळाली. तेथील निसर्गविज्ञान दालनात येणाऱ्या प्रेक्षकांना माहिती देणे हे त्यांचे काम. आजच्या भाषेत बोलायचे तर ते मार्गदर्शक, म्हणजेच गाइड होते. भारताच्या पक्षिविद्येचे अध्वर्यू पुढे ज्यांना मानले गेले, त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ पाहुण्यांना दालन दाखविण्यापासून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. समजावून सांगितल्याशिवाय दिसत नाही आणि दिसल्याशिवाय जिव्हाळा निर्माण होत नाही, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा. त्यांचे पुढचे सारे लेखन याच जातीचे आहे.

या नोकरीचाही त्यांना लवकरच कंटाळा आला. १९२८ मध्ये ते अभ्यासरजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे वाळे घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याची पद्धतही त्यांनी जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर पाहिली. १९३० मध्ये ते परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. नोकरी नाही, हातात पैसा नाही, अशा अवस्थेत पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. घराच्या परिसरात सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी ती महिनोन् महिने पाहिली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच नर ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो, हा सुगरणीच्या संसाराचा उलगडा त्यांनी केला. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. पक्षी न मारता, त्याच्या घरात ढवळाढवळ न करता, केवळ धीराने पाहूनही मोठे ज्ञान मिळते, हे किहीमच्या त्या काठावर सिद्ध झाले.

यानंतरच्या कामाचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे. त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यासह सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या विस्तीर्ण संस्थानातील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध नोंद झालेली नव्हती. सलीम अलींनी मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च मिळाल्यास विनावेतन काम करण्याची तयारी दाखविली. निजाम सरकारच्या आर्थिक साहाय्याने १९३१-३२ मध्ये हे सर्वेक्षण झाले. तेहमिना सतत बरोबर होत्या. रानात तंबू ठोकणे, नोंदी ठेवणे, त्यांची भाषा तपासणे या सर्व कामांत त्यांचा हातभार असे. या सर्वेक्षणाचा वृत्तान्त १९३३ पासून सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने प्रसिद्ध झाला. संस्थानाच्या प्रदेशात कोणता पक्षी कोठे व केव्हा आढळतो, याचा तो पद्धतशीर पाया होता. त्रावणकोर, कोचीन यांसारख्या अन्य संस्थानांतही त्यांनी पुढे असेच काम केले.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. त्या आघातानंतर सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कमू आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी पक्ष्यांना वाहिले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील लोकप्रिय पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील रंगीत चित्रे आणि सोप्या खुणा यांच्या आधारे कोणाही सामान्य माणसाला पक्षी ओळखता येऊ लागला. त्यापूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारून हातात घ्यायचा, ही रीत होती. या पुस्तकाने ती गरजच संपविली. भारतात पक्षिनिरीक्षणासाठी प्रवास करणारा जो वर्ग तयार झाला, त्याचे हे पुस्तक जणू पाठ्यपुस्तकच ठरले. डिलन रिप्ले यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो अभ्यासकांसाठी होता. पण पाणथळीच्या काठी सामान्य माणसाला आणून बसविले ते १९४१ च्या त्या पुस्तकानेच.

सलीम अलींच्या संवर्धनकार्याची खरी कसोटी लागली ती राजस्थानातील भरतपूर येथे. केवलादेव हे तेथील पाणथळ रान अवघे २९ चौरस किलोमीटरचे. भरतपूरच्या राजांनी बंधारे घालून, पाणी वळवून ते बदकांच्या शिकारीसाठी मुद्दाम राखले होते. तेथील शिकारींचे आकडे दगडावर कोरून ठेवले आहेत. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले, असे तो शिलालेख सांगतो. एका अर्थाने तेही पर्यटनच होते. पाहुणे येत, मौज करीत आणि जात. मागे काय उरले, याचा हिशेब कोणी विचारीत नसे.

स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ जागा कोरडी करून शेतीखाली आणावी, अशी मागणी पुढे आली. अन्नधान्याची टंचाई असलेल्या त्या काळात ही मागणी लोकांना रास्त वाटणे स्वाभाविक होते. सलीम अलींनी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत हा विषय नेला आणि केवलादेवचे पाणी वाचले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. तरीही बड्या पाहुण्यांच्या शिकारी १९६४ पर्यंत चालूच होत्या आणि महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकून होता. दरम्यान सोसायटीने येथे हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळी घातली. हिमालय ओलांडून येणाऱ्या बदकांचे माग मध्य आशिया व सायबेरियापर्यंत लागले. १९८१ मध्ये केवलादेवचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला, १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि १९८५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. शिकारीचे मैदान जगाचा ठेवा बनले.

मात्र या यशाला एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून सलीम अलींचे चरित्र पुरे होत नाही. केवलादेवच्या भोवती गावे होती. तेथील म्हशी पिढ्यान् पिढ्या या पाणथळीत चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्याबरोबर कायद्यानुसार चराई बंद करण्यात आली. गुरांच्या वावराने पक्ष्यांना उपद्रव होतो, असे संवर्धनाचा पुरस्कार करणाऱ्या बहुतेकांचे मत होते आणि सलीम अलीही त्याच मताचे होते. १९८२ च्या नोव्हेंबरात संतप्त ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही ग्रामस्थांचा बळी गेला. ज्या भूमीवर पक्ष्यांवर गोळ्या झाडणे थांबले होते, तेथेच माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

विशेष म्हणजे या धोरणाची चूक दाखवून दिली ती सलीम अलींच्याच संस्थेने. सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात केवलादेवच्या परिसंस्थेचा दीर्घकालीन अभ्यास केला. म्हशी चरायच्या थांबल्या तसे पाण्यातील एक गवत बेसुमार माजले. उघडे पाणी कमी झाले, मासे घटले आणि पाणपक्ष्यांना चरण्यासाठी जागा उरेनाशी झाली. म्हशी ही उपाधी नव्हती, तर त्या पाणथळीच्या व्यवस्थेतील एक दुवा होत्या, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. मर्यादित चराई असावी, अशी शिफारस संस्थेने केली. अभ्यास पूर्ण होईपर्यंत सलीम अली हयात नव्हते. परंतु समज आणि पुरावा यांत विरोध आला तर पुराव्याच्या बाजूने उभे राहायचे, ही शिस्त या संस्थेत रुजविणाऱ्यांत त्यांचा वाटा फार मोठा होता. पुढे गवत कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांना देण्यात आली.

भरतपूरने आणखी एक धडा दिला. उद्यानात मोटारींना एका मर्यादेपलीकडे प्रवेश नाही. पाहुण्यांनी पायी, सायकलवर किंवा रिक्षातून जायचे. स्थानिक रिक्षाचालकांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. फारसे शिक्षण न झालेली ही माणसे परदेशी पाहुण्यांना झाडाच्या ढोलीतले घुबड अचूक दाखवू लागली. पक्षी टिकले तर आपली चूल पेटेल, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. शाश्वत पर्यटन या अलीकडे रूढ झालेल्या शब्दाचा अर्थ याहून वेगळा नाही. तथापि पर्यटनाने सर्व प्रश्न सुटतात, असेही नाही. केवलादेवचे पाणी बाहेरून येते. ते अडले की उद्यान कोरडे पडते. ज्यांच्यासाठी हे उद्यान प्रसिद्ध होते, ते सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तेथे उतरलेले नाहीत. दूरच्या स्थलांतरमार्गावरील संकटे कोणत्याही प्रवेशशुल्काने दूर होत नाहीत.

उतारवयातही सलीम अलींची भ्रमंती थांबली नाही. १९७५ मध्ये त्यांना मिळालेल्या पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित जंगल जलविद्युत प्रकल्पाखाली बुडणार होते. ते वाचविण्यासाठी देशभर जो आवाज उठला, त्यात त्यांचा आवाज वजनदार ठरला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. पद्मभूषण (१९५८) आणि पद्मविभूषण (१९७६) या सन्मानांनंतर १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही बालपणीची ती पडलेली चिमणीच आहे. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनापूर्वी काही महिने, १९८६ मध्ये, मराठवाड्यात एक महत्त्वाची घटना घडली. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. १९७६ मध्ये लोकार्पण झालेले हे धरण शेतीसाठी बांधलेले. पण गोदावरीचे पाणी पसरले, उथळ काठ तयार झाले आणि हिवाळ्यात रोहित, पट्टकदंब, चक्रवाक अशी पाहुणी पाखरे येऊ लागली. सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र केवलादेवच्या जवळजवळ बारापट आहे. येथेही काठावर माणसे आहेत. धरणात जमिनी गेलेले शेतकरी आहेत आणि पाण्यावर पोट असलेले मच्छीमार आहेत. अभयारण्य म्हणजे आपल्यावरची बंदी, असे त्यांना वाटले तर भरतपूरची चूक पुन्हा घडेल. पक्षी दाखविणारी नाव त्यांच्यापैकीच कोणाची असेल, तर भरतपूरचे यश येथेही घडू शकेल.

शहरातील सलीम अली सरोवराची कथाही याच वळणाची आहे. दिल्ली दरवाजाजवळचा हा मोगलकालीन तलाव पूर्वी खिजरी तलाव म्हणून ओळखला जाई. समोर हिमायतबागेची हिरवाई आणि तलावात पाणवनस्पतींची दाटी, यामुळे भर वस्तीतही पाणपक्ष्यांनी ही जागा धरून ठेवली. कधी जलपर्णी, कधी सांडपाणी, तर कधी सुशोभीकरण, अशी संकटे तिच्यावर येत राहिली. नौकाविहार आणि करमणूक यांसाठी तलाव खुला करावा की पक्ष्यांसाठी शांत राखावा, हा वाद शहरात वर्षानुवर्षे गाजला आणि न्यायालयापर्यंत गेला. शहराला विरंगुळ्याची जागा हवी, ही मागणी गैर नाही. परंतु लाटा, दिवे आणि गोंगाट यांनी पाणकोंबडी घरटे सोडून गेली, तर पाहायला येणाऱ्यांना उरेल ते केवळ पाणी. काठापासून अंतर राखून केलेली निरीक्षणाची जागा, ठराविक वेळ, मोजकी माणसे आणि माहिती सांगणारा जाणकार एवढ्यावरही पर्यटन होऊ शकते. त्याला खर्चही कमी लागतो.

अशी मर्यादा घालणे या जिल्ह्याला अपरिचित नाही. अजिंठा लेण्यांकडे जाणाऱ्या खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबवून पुढचा सुमारे चार किलोमीटरचा रस्ता कमी प्रदूषण करणाऱ्या बसने जाण्याची व्यवस्था २००० नंतरच्या काळात सुरू झाली. चित्रांना धुराचा उपद्रव होऊ नये आणि वाघूर नदीचे खोरे गाड्यांनी भरून जाऊ नये, हा त्यामागील हेतू. सुरुवातीला गैरसोयीची वाटणारी ही पद्धत पर्यटकांच्या अंगवळणी पडली. लेण्यांतील रंगांसाठी जे करता येते, ते नाथसागरावरील पंखांसाठी किंवा गौताळ्याच्या रानासाठी करता येणार नाही, असे नाही.

सलीम अली हे काही भाबडे प्राणिप्रेमी नव्हते. शिकारीची आवड त्यांनी कधी लपविली नाही. अभ्यासासाठी पक्षी मारावे लागतात, हेही ते मान्य करीत. म्हणूनच त्यांचे संवर्धन हे भावनेपेक्षा हिशेबावर उभे होते. किती आहेत, कोठून येतात, काय खातात आणि काय बदलले की निघून जातात, हे आधी मोजायचे आणि मग निर्णय करायचा, ही त्यांची रीत. गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य असो वा कोइमतूरची संशोधन संस्था, त्यांच्या नावाने उभी असलेली ठिकाणे देशात अनेक आहेत. नाव देणे सोपे असते. नाथसागरावर किती नावा सोडायच्या आणि सरोवराच्या काठी किती माणसे न्यायची, हे ठरविण्यापूर्वी यंदा किती पक्षी आले, हे मोजण्याची सवय लागली, तर त्या नावाचा मान राखला असे म्हणता येईल.